वैशाखरे ते जुन्नर: नाणेघाट आणि कुकडीच्या खोऱ्यातून जाणारी जुनी वाट

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. नाणेघाट पावसाळ्यात एकदा चढून उतरून झाला आहे. आता चार-पाच जणांच्या गटाने कोकणातून वर चढून थेट जुन्नरपर्यंत चालत जायचे आहे, कारण सातवाहनकाळातले व्यापारी तांडे याच वाटेने गेले असे आपण वाचले आहे. त्यासाठी किती दिवस हवेत, ऋतू कोणता निवडावा, जीवधन किल्ला जोडावा का, आणि या वाटेवर खरोखर जुने असे काय उरले आहे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

आधी निर्णय सांगतो, मग कारणे. दोन मुक्काम आणि तीन दिवस ठेवावेत. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात जावे. वैशाखऱ्याहून चढावे आणि पूर्वेकडे जुन्नरला उतरावे. जीवधन या खेपेला वगळावा आणि त्याऐवजी चावंड किल्ला पाहावा. माझा मुख्य आग्रह मात्र वेगळा आहे. नाणेघाट ही एक खिंड आहे, आणि खिंडीला अर्थ येतो तो तिच्या दोन्ही बाजूंच्या मुलुखामुळे. माथ्यावरून परत फिरणारा माणूस त्या वाटेचा उंबरठा पाहतो आणि घर न पाहताच निघून जातो. हे घर म्हणजे कुकडी नदीचे खोरे.

भूगोल नीट लक्षात घेतला तर ही वाट इथेच का पडली हे कळते. पश्चिमेला काळू आणि उल्हास या नद्यांचे खोरे कल्याणच्या खाडीपर्यंत उतरत जाते, आणि त्यापलीकडे सोपारा, म्हणजे आजचे नालासोपारा, हे दुसरे मोठे बंदर होते. पूर्वेला घाटमाथ्याजवळच कुकडी उगम पावते, जुन्नरजवळून वाहत जाऊन पुढे घोडनदीला मिळते, आणि घोड भीमेला मिळते. माथ्यावर पडलेल्या पावसाचा एक थेंब अरबी समुद्राला जातो आणि दोन हातांवर पडलेला दुसरा थेंब भीमा-कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराला. सह्याद्रीत असे पाणलोट अनेक आहेत. परंतु जिथे कोकणातून एका दिवसात चढता येईल अशी नळी आहे आणि तिच्या तोंडाशीच पूर्वेकडे सौम्य उताराचे, पाण्याचे आणि धान्याचे खोरे सुरू होते, अशा जागा थोड्या आहेत. बंदरावरचा माल या मार्गाने जुन्नरला आणि तिथून पुढे गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानला, म्हणजे पैठणला, जात असे. लादलेल्या जनावरांना नदीकाठचा सपाट मार्ग हवा असतो, आणि कुकडीने तो तयारच ठेवला होता.

चढाईला सुरुवात कल्याण-मुरबाड-टोकावडे मार्गावर वैशाखरे गावाच्या पुढे होते. माळशेज घाटातून जाणाऱ्या एसटीने आल्यास वाहकाला आधीच सांगून ठेवावे, कारण हा थांबा सहज मागे पडतो. रस्ता सोडल्यावर पहिला भाग ओढे आणि विरळ जंगल यांतून जातो. इथे गुरांच्या वाटा फुटत असल्यामुळे नवखा माणूस चुकतो तो याच टप्प्यात. एकदा चढ लागला की वाट मळलेली आणि निःसंदिग्ध आहे. एकूण चढ ६०० मीटरांहून अधिक आहे आणि ओझ्यासह तीन ते चार तास सहज लागतात. पहाटे निघावे, कारण उघड्या दांडावर सकाळी दहानंतर हिवाळ्यातही ऊन लागते. प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी असावे आणि वरच्या टाक्यांच्या भरवशावर ते कमी करू नये.

वरच्या टप्प्यात वाट कातळाच्या दोन भिंतींमध्ये शिरते आणि पायाखाली दगडी फरसबंदी व पायऱ्या लागतात. या पायऱ्या कुठे कोरलेल्या आहेत, तर कुठे दगड रचून बांधलेल्या आहेत. सगळ्याच सातवाहनकालीन आहेत असे समजू नये. दोन हजार वर्षे वापरात राहिलेली घाटवाट प्रत्येक राजवटीत दुरुस्त होत असते, त्यामुळे कोणता दगड कोणत्या शतकातला हे पाहून सांगण्याचा मोह टाळलेला बरा. या दगडांची घासून गुळगुळीत झालेली पाठ मात्र खरा इतिहास सांगते. पावसाळ्यात हीच पाठ घसरण्याचे कारण ठरते, आणि मी चढण्याचा आग्रह धरतो, उतरण्याचा नाही, त्याचे अर्धे कारण हेच आहे. उरलेले अर्धे कारण असे की कोकणातून वर येताना मुलूख ज्या क्रमाने उलगडतो, त्याच क्रमाने तो बंदरावरून माल घेऊन येणाऱ्याला दिसत होता: आधी दमट सखल रान, मग कातळाची अरुंद फट, आणि एकाएकी मोकळे, वाऱ्याचे पठार.

माथ्याच्या किंचित खाली ते प्रसिद्ध लेणे आहे. येथे घाई करू नये. दिवसाचा सर्वात जास्त वेळ इथेच द्यावा. आकाराने हे लेणे म्हणजे एक साधे चौकोनी दालन आहे आणि कोरीव खांबांची अपेक्षा ठेवून येणाऱ्याची निराशा होते. महत्त्व आहे ते भिंतींचे. डाव्या आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत एक लांबलचक लेख कोरलेला आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा मानला जातो आणि सर्वसाधारणपणे इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला धरला जातो. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव हे चार लोकपाल यांना वंदन आहे. त्यानंतर राजसूय आणि अश्वमेधासह अनेक यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची नोंद येते: गायी, हत्ती, घोडे, गावे, वस्त्रे आणि कार्षापण नाणी. एका ठिकाणी २४,४०० कार्षापणांचा आकडा आहे, तर दुसऱ्या ठिकाणी १०,००१ गायींचा. हे आकडे अंकांत कोरलेले असल्यामुळे भारतीय अंकांच्या इतिहासात या भिंतींना मोठे स्थान आहे. आज आपण २, ४, ६, ७, ९ असे जे अंक लिहितो त्यांच्या फार जुन्या रूपांपैकी काही इथे आहेत.

मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्ती नष्ट झाल्या आहेत. काही पावलांच्या खुणा आणि डोक्यांच्या वर कोरलेली नावे उरली आहेत. सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजेच नागनिका) आणि राजा श्री सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी आणि कुमार सातवाहन अशी ती नावे आहेत. घाटातून जाणाऱ्या प्रत्येक तांड्याने आपल्या राजकुळाच्या या रांगेसमोरून जावे, अशी ही योजना असावी. सत्ता कोणाची आहे हे अक्षर न वाचता येणाऱ्यालाही मूर्तींवरून समजत असणार.

विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ मध्ये हे लेणे पाहून त्याची माहिती विद्वानांपुढे आणली. पुढे भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर आणि आपल्याकडे वा. वि. मिराशी यांनी या लेखाचा अभ्यास केला. तो वाचायला जायचे असेल तर पूर्वतयारी म्हणून ब्राह्मीची मुळाक्षरे आठवडाभर गिरवावीत. वीजबत्ती अक्षरांवर समोरून मारू नये. भिंतीला जवळजवळ समांतर धरावी, म्हणजे तिरक्या प्रकाशात खाचा उठून दिसतात. बोट फिरवणे, खडूने अक्षरे भरणे आणि पाणी शिंपडणे या तिन्ही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. एक काळ असा होता की डोंगरभटके या लेण्यात सर्रास मुक्काम करीत आणि चूलही पेटवीत. तसे करू नये, आणि कोणी तसे सुचवल्यास त्याचे ऐकू नये. मुक्कामासाठी पुढे घाटघर आहे.

खिंडीतून बाहेर पडल्यावर पठारावर एक मोठा दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी यात टाकली जात, ही कथा आपल्याला प्रत्येक जण सांगेल. ही कथा अशक्य नाही. अशा मोक्याच्या खिंडीत जकात घेतली जात असणार हे उघड आहे. परंतु लेण्यातला लेख जकातीविषयी एक शब्दही बोलत नाही, आणि रांजणावर स्वतःवर तसा काही पुरावा नाही. उघड्या माळावर नाण्यांचा रांजण भरत ठेवणारा जकातदार फारच भाबडा असला पाहिजे, असे मला नेहमी वाटते. कथा म्हणून ती ऐकावी, पुरावा म्हणून इतरांना सांगू नये.

जवळच कोकणात डोकावणारा नानाचा अंगठा हा सुळकेवजा कडा आहे. तिथून जीवधनचा कडा, त्याला लागून उभा असलेला वानरलिंगी सुळका आणि खाली आपण सकाळी सोडलेले रान एका नजरेत येते. पावसाळ्यात याच कड्यावरून पाणी वाऱ्याने उलटे उडते आणि ते पाहायला येणाऱ्यांची इतकी गर्दी होते की खिंडीत पाऊल ठेवायला जागा नसते. आपण त्या गर्दीत आला होतात, म्हणून ऋतूविषयी विशेष सांगतो. आषाढ-श्रावणात हा घाट सुंदर असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण धुके, निसरडे दगड, ओढ्यांना येणारे लोंढे आणि माळशेजच्या रस्त्यावर कोसळणाऱ्या दरडी यांमुळे तो वाट म्हणून चालता येत नाही. मार्चनंतर पूर्वेकडचे खोरे तापते. हिवाळ्यात मात्र हवा स्वच्छ असल्याने पश्चिमेची खोलवर पसरलेली कोकणपट्टी आणि पूर्वेचे किल्ले दोन्ही दिसतात. रात्री पठारावर वारा बोचरा असतो, तेव्हा चांगले पांघरूण न्यावे.

आता जीवधन. किल्ला अप्रतिम आहे यात वाद नाही. निजामशाहीचा अखेरचा बालवारस मूर्तजा याच किल्ल्यावर कैदेत होता आणि शहाजीराजांनी त्याला सोडवून पेमगिरीवर गादीवर बसवले, त्यामुळे मराठ्यांच्या इतिहासाशीही त्याचे नाते जवळचे आहे. वर दगडी धान्यकोठी आणि पाण्याची टाकी आहेत. परंतु १८१८ मध्ये इंग्रजांनी या परिसरातल्या किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, आणि जीवधनच्या दोन्ही वाटांवर त्याचे परिणाम आजही भोगावे लागतात. नाणेघाटाकडून कल्याण दरवाजाने चढताना कातळटप्पे आहेत आणि तिथे दोर बरोबर असणे शहाणपणाचे ठरते. सकाळी कोकणातून चढून आलेल्या थकलेल्या पायांनी, पाठीवर तीन दिवसांचा शिधा घेऊन, दुपारी त्या वाटेला लागणे मला मान्य नाही. जीवधनसाठी वेगळा दिवस आणि हलकी पिशवी ठेवावी.

पहिला मुक्काम घाटघरला करावा. गावात जेवणाची आणि राहण्याची सोय घरगुती स्वरूपात होते. मात्र अगोदर कळवून जावे, ऐन वेळी कोणाच्या घरी पाच पाने वाढा म्हणून सांगू नये. हा सारा पट्टा प्रामुख्याने महादेव कोळी समाजाच्या गावांचा आहे. पावसाळी भात, नाचणी, वरई ही इथली शेती, आणि उन्हाळ्यात हिरडा गोळा करणे हे रोख उत्पन्नाचे मोठे साधन. जुन्या व्यापाराबद्दल विचार करताना एवढे लक्षात ठेवावे की बंदरावरून येणारी किमती चीजवस्तू ही या वाटेची नावाजलेली बाजू होती. शतकानुशतके तिला जिवंत ठेवले ते मीठ वर नेणाऱ्या आणि धान्य खाली उतरवणाऱ्या लादणीच्या बैलांनी आणि डोक्यावर ओझे घेऊन ये-जा करणाऱ्या साध्या माणसांनी. गावातला एखादा जाणता माणूस पुढच्या दिवसासाठी वाटाड्या म्हणून घ्यावा, कारण पुढचे प्रश्न नकाशावर सुटत नाहीत.

ते प्रश्न असे. घाटघर ते जुन्नर हे अंतर साधारण तीस किलोमीटर आहे, आणि जुनी वाट ज्या नदीकाठाने जात असणार त्या काठाचा मोठा भाग आज माणिकडोह धरणाच्या जलाशयाखाली आहे. कुकडी प्रकल्पातल्या या धरणामुळे जुन्नरच्या पूर्वेकडची शेती फुलली. पण पायी जाणाऱ्याच्या दृष्टीने खोऱ्याचा तळच नाहीसा झाला. त्यामुळे मूळ वाट पावलोपावली शोधण्याचा हट्ट सोडावा. घाटघरपासून कुकडेश्वरपर्यंत वस्त्या जोडणाऱ्या पायवाटा आणि बांधावरच्या वाटा मिळतात, त्या वाटाड्याच्या मदतीने घ्याव्यात. पुढे बराचसा प्रवास डांबरी रस्त्याने होतो. मला यात कमीपणा वाटत नाही. रस्ता जुन्या वाटेहून थोडा वर सरकला आहे, पण खोरे तेच आहे आणि दोन्ही अंगांचे डोंगरही तेच आहेत.

कुकडेश्वराचे मंदिर पूर गावाजवळ आहे आणि कुकडीचा उगम इथलाच मानतात. शिलाहार राजा झंझ याने बारा शिवालये बांधली, आणि त्यांतले हे एक, अशी परंपरा आहे. ती कितपत ग्राह्य धरावी हा अभ्यासकांचा विषय झाला. मंदिराच्या दारावरचे आणि मंडपातले कोरीवकाम मात्र स्वतःच बोलते. लेण्यातल्या लेखापासून इथपर्यंत आपण काही तासांत पोहोचतो, परंतु मधे हजारेक वर्षे उलटलेली असतात. वाट पैठणच्या सातवाहन राजांबरोबर संपली नाही, हे सांगायला यापेक्षा वेगळा पुरावा लागत नाही.

दुसरा मुक्काम चावंडवाडीला. चावंड, ज्याचे शिवकालीन नाव प्रसन्नगड, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर किंवा तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी पाहावा; मी सकाळ निवडतो. इथल्याही पायऱ्या १८१८ मध्ये उडवल्या गेल्या, पण आता अवघड जागी आधाराचे कठडे आहेत आणि सावध माणसाला भय नाही. वर एका रांगेत कोरलेली सात टाकी आहेत, त्यांना सप्तमातृका टाकी म्हणतात, आणि सर्वात उंच जागी चामुंडा देवीचे देऊळ आहे. त्या देवळापाशी उभे राहिले की या संपूर्ण वाटेची संरक्षणव्यवस्था डोळ्यांपुढे येते: पश्चिमेला खिंडीच्या तोंडावर जीवधन, जलाशयापलीकडे हडसर, पूर्वेला शिवनेरी आणि मधोमध आपण. एका नदीच्या खोऱ्यावर चार किल्ले कोणी हौसेने बांधत नाही. चावंडसाठी दोन-अडीच तास वेगळे काढायला मी सांगतो ते मुख्यतः या दृश्यासाठी; वाट चालून झाल्यावर ती वरून पाहण्याची संधी इथेच मिळते.

येथून खाली उसाची शेती वाढत जाते आणि तिच्याबरोबर बिबट्यांचा वावरही. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, यावरून प्रश्नाचे गांभीर्य ओळखावे. उघड्यावर तंबू ठोकू नये, अंधार पडल्यावर आणि पहाटे फटफटण्यापूर्वी एकट्याने चालू नये, आणि गावकऱ्यांनी एखाद्या शिवारातून जाऊ नका म्हटले तर वाद न घालता दुसरी वाट धरावी. लेण्यांमध्ये आणि कड्यांवर आग्या मोहळे असतात. तिथे धूर, अत्तर आणि आरडाओरड या तिन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत.

जुन्नर गाठण्यापूर्वी गावाच्या पश्चिमेला असलेली तुळजा लेणी चुकवू नयेत. इथे बारा साध्या अष्टकोनी खांबांच्या वर्तुळात उभा असलेला स्तूप आहे. अशी गोल चैत्यगृहे, म्हणजे स्तूप असलेली प्रार्थनागृहे, फार थोडी उरली आहेत. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. भारतात एका गावाभोवती लेण्यांची इतकी दाटी दुसरीकडे क्वचितच आढळते, आणि त्यांचा खर्च बव्हंशी व्यापाराच्या पैशातून झाला. इथल्या लेखांत कासार, बांबूकाम करणारे, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवलेल्या ठेवी आणि दाने नोंदलेली आहेत. यवन म्हणजे ग्रीक देणगीदारांची नावे आहेत. आणि मानमोडी डोंगरातल्या लेण्यात शक राजा महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याच्या दानाचा, ४६ व्या वर्षाचा लेख आहे. घाटाच्या लेण्यात वैदिक यज्ञांचा हिशेब कोरला गेला आणि खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला त्याच मार्गावरच्या व्यापाऱ्यांनी बौद्ध भिक्षूंसाठी विहार कोरवले, ही गोष्ट मला या प्रवासातली सर्वात विचारात पाडणारी वाटते. नहपानाच्या अमात्याचा लेख आणखी एक दुवा जोडतो. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्द्यांच्या एका मार्गवर्णनात म्हटले आहे की कल्याण बंदर पूर्वी खुले होते, पण पुढे तिथला व्यापार अडवला गेला आणि तिकडे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्यात हा घाट आणि हे खोरे हातोहात फिरत होते, याची ती खूण आहे.

तिसऱ्या दिवशी तुळजा लेणी पाहून दुपारपर्यंत जुन्नरमध्ये पोहोचता येते. शिवनेरी आणि कुकडीपलीकडचा लेण्याद्री यांपैकी एकच त्या दिवशी नीट होईल. शिवनेरी बहुतेकांनी पाहिलेला असतो, म्हणून लेण्याद्रीला जावे; गणपतीच्या दर्शनाला आलेली गर्दी ज्या लेण्यात थांबते त्याच्या शेजारचे चैत्यगृह अनेकदा रिकामे मिळते. जुन्नरहून पुण्याला एसटीची सोय चांगली आहे. कल्याणकडे माळशेजमार्गे परतायचे असेल तर शेवटच्या गाडीची वेळ स्थानकावर पोहोचताच विचारून घ्यावी, आणि मगच लेण्याद्रीची रिक्षा ठरवावी.